उ: भाऊ म्हणतो, 'मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं'

तुमची पोस्ट दुपारी वाचली आणि नंतर कामात लक्षच लागेना. भाऊ पुण्यात, स्पर्धा परीक्षेचा चौथा अटेम्प्ट, 'मी नसतो तर तुमचे पैसे तरी वाचले असते' हे वाक्य, नोट्स रूममेटला देऊन टाकणं. आणि शेवटी तुमचा प्रश्न: 'शनिवारी गावी येतोय, आईबाबांसमोर बसवून त्याच्याकडून शपथ घ्यावी का?' नावगाव सोडलं तर हे आमच्याच घरातलं आहे.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, बँकेत नोकरी करते. एकाच भावाचा अनुभव आहे, तेवढाच धरा. ऐकून घ्या, लेक्चर देऊ नका वगैरे तुम्हाला कळतंच, त्यावर लिहीत नाही.

शपथ मात्र घेऊ नका. आम्ही घेतली होती. २०२० ची दिवाळी. अभ्यासिका बंद, म्हणून तो गावीच होता. एका रात्री जेवताना असंच काहीतरी बोलला. आई रडायला लागली. मी मोठी, शहाणी. मी त्याचा हात धरून आईच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, 'घे शपथ, असलं काही मनात आणणार नाहीस.' त्याने घेतली. आम्ही सगळे मोकळे झालो. पाडव्याला फोटोसुद्धा काढले.

पुढचे चार महिने तो एक शब्द बोलला नाही. आम्हाला वाटलं, सुधारला. बऱ्याच नंतर त्याने सांगितलं, 'ताई, विचार यायचे थांबले नव्हते, फक्त सांगायची सोय गेली. विचार आला की वाटायचं, शपथ मोडली, आता आईला काही झालं तर माझ्यामुळे.' आधीच स्वतःला ओझं समजणाऱ्या पोरावर मी आईच्या जिवाचं ओझं टाकलं होतं. त्या वेळी मला ते प्रेम वाटत होतं.

मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुन्हा पुढे ढकलली, पुण्यात नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली, आठवत असेल. त्याच आठवड्यात त्याच्या रूममेटचा रात्री फोन आला. (त्या मुलाचे उपकार फिटणार नाहीत.) मी पुण्यातच असते, तासाभरात पोचले. भावाने काहीही केलेलं नव्हतं. 'मला भीती वाटतेय, दवाखान्यात ने' असं स्वतःहून म्हणाला. एका मोठ्या रुग्णालयात नेलं, नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसाने विचारलं काय होतंय, भावाने खरं सांगितलं. तर तो सगळ्यांदेखत म्हणतो, 'ही पोलीस केस आहे, आधी चौकीत जाऊन या.' भाऊ वळला आणि चालायला लागला. चार महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, ते असं बंद केलं. कोविडची गर्दी होती, माणसं थकलेली होती, मान्य. पण पोलीस केस कसली?

तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. मनात विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रत्यक्ष प्रयत्न केलेल्या माणसालाही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ लागतं: तो तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, खटला नाही, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. पोलिसी सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार अडवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. रात्री वाद घालायची वेळ आली तर एवढं पुरतं.

तर शपथेऐवजी काय? विचारा. सरळ. 'बरंवाईट' वगैरे आडवळणाने नको, 'जीव द्यावासा वाटतो का?' असंच. विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. मी त्या रात्री रिक्षात विचारलं. तो म्हणाला, 'रोज नाही.' मी विचारलं, 'आज?' खूप वेळाने 'हो' आलं. मग त्याला रूमवर सोडलंच नाही, आमच्या घरी आणलं. उत्तर असं आलं, किंवा काही ठरवून ठेवलंय असं कळलं, तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातली औषधं, आणि तुमची शेती आहे म्हणून सांगते, फवारणीची औषधंही घराबाहेर कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. अशी वेळ बऱ्याचदा थोडा काळच टोकाला जाते, तेवढी निभावून न्यायची असते.

दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. आम्ही 'परीक्षेमुळे, परीक्षेमुळे' करत होतो. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, झोप कधीपासून गेली? तर लॉकडाऊनच्याही आधीपासून. परीक्षा हे एक कारण होतं, एकमेव नव्हे, म्हणून 'सोड ती एमपीएससी, दुकान टाकून देतो' हा बाबांचा उपाय चालणार नव्हता. गोळ्या एकदम दहाच दिवसांच्या दिल्या आणि माझ्या ताब्यात. गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि सुरुवातीला अंगात जरा हुशारी येते पण मन अजून तिथेच असतं, तेव्हा जास्त लक्ष ठेवा, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमकं तेव्हाच नातेवाईक 'आता बरा दिसतोय' म्हणत होते.

नातेवाइकांवरून आठवलं, भावकीत सांगू नका. आमच्याकडे 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल' इथपर्यंत मजल गेली. आत्या त्याला कुलदैवताला घेऊन गेली, त्याला मी आडवी आले नाही. गोळ्यांची पट्टी तिच्या पर्समध्ये घातली, एवढंच.

शपथेच्या जागी आमचा एक साधा करार झाला. विचार आले की मला मेसेज करायचा, 'डबा आला नाही.' बाकी काही सांगायची सक्ती नाही. मी फोन करायचा किंवा जायचं. मी मीटिंगमध्ये असले तर माझे मिस्टर. पहिल्या महिन्यात नऊ वेळा डबा आला नाही. दर वेळी मला धडकी भरायची, पण तो सांगत होता.

आता टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. आमच्या वेळी नव्हतं, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. फुकट, चोवीस तास, भाषा निवडताना मराठी घेता येते. त्याने करायलाच हवा असं नाही, त्याच्याशी कसं बोलू हे विचारायला तुम्हीही करू शकता. एकदम तातडीचं असेल तर ११२ किंवा १०८.

माझा भाऊ आता नोकरीत आहे, परीक्षेतून नाही, वेगळीच. हे लिहिण्याआधी त्याला विचारलं. म्हणाला, 'लिही, पण त्यांना सांग शनिवारची वाट बघू नका.'

तेव्हा आज रात्री मेसच्या वेळेनंतर फोन करा, तो एकटा असेल तेव्हा. आईबाबांना लाइनवर घेऊ नका. तो काय म्हणाला ते इथे सगळ्यांसमोर लिहायची गरज नाही, व्यनि (खाजगी निरोप) करा, मी बारापर्यंत जागी आहे.