तीन एप्रिलभोवतीचा लाल गोल

काकूंनी पर्समधून कालनिर्णयचं घडी घातलेलं पान काढलं आणि माझ्या टेबलावर पसरलं. ३ एप्रिलभोवती लाल पेनानं इतक्या वेळा गोल गिरवला होता की कागद फाटायला आला होता.

"ताई, ह्या दिवसाच्या आत अमेरिकेत पाय ठेवायला पाहिजे, नाहीतर कार्ड गेलं. आणि आई तिकडं खानापूरला अंथरुणाला खिळलेली. मी काय करू सांगा की."

परदेशात कायम राहण्याचा हक्क मिळालाय आणि घरच्या कारणानं इकडचा मुक्काम लांबतोय, तर तो हक्क टिकेल का, ही काळजी घेऊन बेळगावातली बरीच माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यांतली ही एक गोष्ट. घरच्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

काका-काकू शहापूरचे. मुलगा न्यू जर्सीत, तिकडचा नागरिक. त्यानं आईवडिलांना ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, मिळवून दिला. तेव्हापासून दोघं सहा महिने इथं, सहा महिने तिथं असे फिरत होते. या खेपेला ५ ऑक्टोबरला निघून आले आणि जानेवारीत काकूंची ८४ वर्षांची आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. काकू एकुलती एक मुलगी. आईजवळ दुसरं कोण राहणार? पण रोज पहाटे तीनला जाग यायची आणि त्या बोटांवर दिवस मोजत बसायच्या.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. झोप उडाली म्हणून आल्या आहेत असं धरून मी श्वासाचे व्यायाम दिले, दिवसभराचं वेळापत्रक लिहून घेतलं. ज्या आकड्याची भीती होती तो आकडा तरी बरोबर आहे का, हे मी विचारलंच नाही. तिसऱ्या भेटीत विचारलं, "काकू, हा सहा महिन्यांचा नियम तुम्हाला कुणी सांगितला?"

शेजारणीनं सांगितला होता. तिचा मुलगा दुबईत. तिथं सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर सर्वसाधारण रहिवासी व्हिसा रद्द होतो, हे खरंच आहे. आपल्या भागातली कितीतरी पोरं आखातात आहेत, म्हणून तोच नियम सगळ्या देशांना लागू असल्यासारखा घरोघर बोलला जातो. प्रत्यक्षात हिशेब देशागणिक वेगळा. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस तिथं काढावे लागतात. ब्रिटनमधला कायम वास्तव्याचा परवाना सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की संपतो.

मी वकील नाही. म्हणून मुलाला सांगितलं की तिथल्या इमिग्रेशन वकिलाचा तासभर वेळ घे आणि आईवडिलांना त्या बोलण्यात बसव. एका रात्री नऊ वाजता आम्ही सगळे व्हिडिओवर जमलो. काकूंनी वहीत लिहून घेतलेलं मी अजून पुष्कळांना सांगते.

सहा महिने झाले म्हणून ग्रीन कार्ड आपोआप रद्द होत नाही. १८० दिवसांच्या पुढे गेलं की परतताना अधिकारी जास्त खोलात जाऊन विचारू शकतात, आणि पुढं नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य मोडलं असं धरलं जाऊ शकतं. खरी रेघ एक वर्षाची आहे. वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलं तर नुसतं कार्ड दाखवून आत जाता येत नाही. त्यासाठी निघण्याआधीच री-एंट्री परमिट, म्हणजे परत आत येण्याचा परवाना, मागायचं असतं, अर्ज आय-१३१. ते साधारण दोन वर्षं चालतं. अर्ज करताना माणूस स्वतः अमेरिकेत असावा लागतो आणि बोटांचे ठसेही तिथंच देऊन मग निघावं. शहापुरात बसून हे होत नाही.

उलट सहा महिन्यांच्या आत नुसता पाय लावून यायचा, ही पळवाटही पक्की नाही. घर, संसार, मन सगळं इकडं आणि तिकडं फक्त हजेरी, असं दिसलं तर लहान गैरहजेरीतही हक्क सोडला असं ठरवता येतं. बाहेरचा मुक्काम तात्पुरता आहे का, त्याला कारण आणि शेवट आहे का, हे पाहतात. आजारी आईची सेवा हे सांगण्यासारखं कारण आहे. फक्त कागद हवेत: दवाखान्याचे, तिकिटाचे, तिकडं रहिवासी म्हणून भरलेल्या कराचे.

सीमाभागातल्या माणसाला कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आईचं रेशन कार्ड आणि घराचा उतारा कन्नडमध्ये. अमेरिकेच्या कचेरीत द्यायचं तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचा दाखला जोडावा लागतो. काकूंनी दोन दिवसांत सगळं करून घेतलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्या पाचपर्यंत झोपल्या.

एवढ्यावर माझं काम संपलं असं मला वाटलं होतं. पण काका गप्प होते, व्हिडिओवरही. म्हणून दोघांना वेगवेगळं बोलावलं आणि एकच सांगितलं: इथला एक साधा मंगळवार सांगा आणि तिथला एक साधा मंगळवार सांगा.

काकूंचा तिथला मंगळवार भरगच्च होता. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, तिच्याबरोबर भाकरी थापायची, संध्याकाळी तिच्याकडून मराठी बाराखडी म्हणून घ्यायची. मला वाटत होतं की काकूंना बेळगाव सुटत नाही. तसं नव्हतं. त्यांना आई आणि नात दोन्ही हव्या होत्या.

काकांचा इथला मंगळवार पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सुरू झाला, पहिल्या रेल्वे गेटजवळ चहाला थांबला, मग चार मित्र, बँक, भाजी, दुपारची झोप. तिथल्या मंगळवारावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी चालवता येत नाही. खिडकीशी बसतो. पोरगा यायची वाट बघतो." आणि थोड्या वेळानं, "मला ते कार्ड नको हो. पण त्यानं केवढे पैसे घातलेत, केवढी धावपळ केलीय. त्याला कसं सांगू?"

"टच करून येऊ" असा तगादा घरात सगळ्यात जास्त काकाच लावत होते. मुलाचं मन राखायला.

ते मुलाला बोलले. मी शेजारी बसले होते. मुलगा दुखावला, आणि त्याचं दुखावणं मला समजलं. त्याच्या डोळ्यांसमोर ते कार्ड म्हणजे म्हातारपणी आईवडील आपल्याजवळ असणं होतं. दोन आठवडे त्यानं वडिलांना फोन केला नाही. त्या दिवसांत काका माझ्याकडे दोनदा येऊन नुसते बसून गेले. शेवटी मुलानंच वकिलाला विचारलं. कार्ड स्वेच्छेनं परत करता येतं, आय-४०७ हा अर्ज भरून, इथून पोस्टानं पाठवूनसुद्धा. नंतर पाहुणा म्हणून व्हिसा मागता येतो, मिळेलच अशी हमी नसते. पुढं गरज पडली तर नागरिक मुलगा वडिलांसाठी पुन्हा अर्ज करू शकतो, कारण २१ वर्षांवरच्या नागरिकांच्या आईवडिलांना वर्षाच्या कोट्याची रांग नाही. "एकदा गेलं की कायमचं गेलं" हे ओझं तिथं उतरलं.

३ एप्रिल आला आणि गेला. काकू त्या दिवशी आईकडे होत्या. आई वॉकर धरून उभी राहायला लागल्यावर, जूनच्या शेवटी, मामेबहिणीला तिच्यापाशी ठेवून त्या एकट्या निघाल्या. न्यूअर्कच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं वीसेक मिनिटं प्रश्न विचारले, कागद पाहिले, सोडलं. त्यांनी परमिटचा अर्ज केला, ठसे दिले, नातीबरोबर सुट्टी काढली आणि ऑक्टोबरमध्ये परतल्या. परमिट अजून हातात यायचं आहे.

काकांनी कार्ड पाठवून दिलंय. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायची आहे. मुलगा रविवारी फोन करतो तेव्हा आधी वडिलांना मागतो, हे काकूंनी मला परवा सांगितलं. आई आता अंगणापर्यंत येते.