जत्रा ती जत्रा, दान ते दान

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

तुझ्या इंग्लंडमधल्या गावच्या चर्चचा ताळेबंद पाहिला. हिशेब चोख आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण खाली तू जे लिहिलंस, "काका, सगळे एवढं राबतात, तरी पुरत का नाही?", ते वाचून माझं डोकं फिरलं. तुझ्यावर नाही, तुझ्या पीसीसीवर, म्हणजे पॅरिशच्या कारभारी समितीवर. जूनच्या फेटला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, १,९०० पौंड आले, सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली, आणि आता उरलेला खड्डा बुजवायला नाताळचा बाजार, मग क्विझ, मग रोपांची विक्री. राबायचं कुणी? त्याच आठ-दहा जणांनी, ज्यांतले निम्मे सत्तरी ओलांडलेले. आणि खजिनदार म्हणून तू, जिची अजून गावात धड ओळखही झालेली नाही.

एकच गोष्ट सांगतो, आणि ती पटेपर्यंत सांगत राहणार आहे. जत्रा ती जत्रा, दान ते दान. जत्रेतून चर्च चालवायला जाऊ नकोस, आणि दान मागायचं असेल तेव्हा केकच्या आड लपू नकोस.

आकडे घे. फेटला पाच पौंडांचा केक विकलास तर हातात पाच पौंड. लोणी, साखर, अंडी कुणीतरी पदरची घातलेली. तेच पाच पौंड एखाद्या आयकर भरणाऱ्याने दान म्हणून दिले आणि गिफ्ट एडच्या, म्हणजे त्याने दानावर भरलेला कर चर्चला मिळवून देणाऱ्या योजनेच्या, फॉर्मवर सही केली, की सरकारकडून सव्वा पौंड वर मिळतो. केकवर, रॅफलच्या तिकिटावर, सुगीच्या जेवणाच्या, हार्वेस्ट सपरच्या ताटावर तो मिळत नाही, कारण देणाऱ्याने बदल्यात काहीतरी घेतलं. महिन्याला २० पौंड देणारं एक घर म्हणजे वर्षाचे २४०, गिफ्ट एडसकट ३००. अशी सात घरं जोडलीस की फेटचे पैसे वसूल. मांडव घालायला नको, आभाळाकडे बघायला नको. तुमच्या सभासद यादीवर चाळीसच्या वर नावं आहेत आणि नियमित देणारे चार. चार! हे तूच लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत विचारलंस की नाताळच्या बाजारात गरम वाइन ठेवावी का.

(ठेव. पण विकणार असशील तर कौन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस, म्हणजे तात्पुरत्या दारूविक्रीची सूचना, द्यावी लागते. २१ पौंड फी, आणि मधले दहा कामाचे दिवस मोकळे सुटले पाहिजेत. शेवटच्या आठवड्यात धावाधाव नको.)

उपासनेत दानाच्या ताटात पडणारी निनावी नाणीही सोडू नकोस. ३० पौंडांपर्यंतचं रोख किंवा कार्ड टेकवून दिलेलं दान असेल, तर वर्षाला ८,००० पौंडांपर्यंतच्या रकमेवर सही नसतानाही तोच २५ टक्के वरचा वाटा मागता येतो. त्याच वर्षी सह्यांचं गिफ्ट एडही मागितलेलं असावं लागतं, म्हणून ते चार फॉर्म जपून ठेव. नवीन देणाऱ्यांना पॅरिश गिव्हिंग स्कीममध्येच घाल. ग्लॉस्टर डायोसिसने (बिशपच्या धर्मप्रांताने) सुरू केलेली ही योजना आता बऱ्याच डायोसिसमध्ये चालते: डायरेक्ट डेबिटने पैसे जातात, गिफ्ट एड तेच मागून तुझ्या खात्यात टाकतात, आणि देणाऱ्याने होकार दिला तर महागाईप्रमाणे दरवर्षी रक्कम आपोआप वाढते. हा शेवटचा होकार मिळवायला विसरू नकोस. २००५ साली ठरवलेले पाच पौंड आजही पाचच देणारी भली माणसं मी पाहिली आहेत. ती कंजूष नव्हती. त्यांना पुन्हा कुणी विचारलंच नव्हतं.

आता पबमध्ये तुला जे ऐकवतात ते. "चर्च तर गडगंज आहे." चर्च ऑफ इंग्लंडचा मध्यवर्ती निधी सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सकडे १० अब्ज पौंडांहून जास्त निधी आहे, हे खरं. पण तुमच्या छपराचं शिसं चोरीला गेलं तर ते त्यातून येत नाही. दुरुस्ती पीसीसीच्या गळ्यात. दर पाच वर्षांनी आर्किटेक्ट येतो, सगळं बघतो, कामांची यादी हातात ठेवतो आणि जातो. इंग्लंडमधल्या पहिल्या श्रेणीच्या वारसा इमारतींपैकी जवळजवळ ४५ टक्के चर्च ऑफ इंग्लंडच्या वास्तू आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी तुमच्यासारख्या दीडशे उंबऱ्यांच्या गावात उभ्या आहेत. सक्तीची चर्चपट्टी १८६८ साली रद्द झाली. तेव्हापासून हा सगळा डोलारा लोकांच्या राजीखुशीवर उभा आहे, आणि निम्म्या गावाला हे ठाऊकच नाही. दुरुस्तीवरचा व्हॅट परत मिळायचा, त्यालाही एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या शेवटच्या वर्षात एका वास्तूला २५,००० पौंडांची मर्यादा होती. मोठं छप्पर काढलं तर ही मर्यादा लगेच लागायची.

आणि पॅरिश शेअरला, म्हणजे डायोसिसला दरवर्षी द्यायच्या वाट्याला, दंड म्हणणं बंद कर. डायोसिस ते पैसे मुख्यतः पाळकांच्या पगाराला, घराला, पेन्शनला वापरतं. तुमची व्हिकार सहा गावं सांभाळते. रविवारी एका उपासनेतून दुसऱ्या उपासनेला गाडी हाकत जाते. तिचा पगार फेटमधल्या नारळफोडीच्या स्टॉलवर अवलंबून ठेवायचा? मला ते तेव्हाही अपमानाचं वाटायचं, आजही वाटतं.

इंग्रज माणूस पैशाचं नाव काढायला लाजतो. आजाराबद्दल बोलेल, घटस्फोटाबद्दल बोलेल, "तुम्ही महिन्याला किती द्याल?" हे त्याच्या तोंडून निघणार नाही. तू नगरची आहेस. आपल्याकडे वर्गणी थकली की कमिटीचा माणूस दारात येऊन चहा पिऊन वसूल करायचा, आणि कुणाला त्यात गैर वाटायचं नाही. आपल्या चर्चमधला सुगीच्या उपकारस्तुतीचा लिलाव आठव. शेवग्याच्या शेंगांची जुडी कुणीतरी दसपट भावाने घ्यायची आणि तिथेच परत टेबलावर ठेवायची: "पुन्हा लावा बोली." पुन्हा बोली, पुन्हा परत. शेंगा कुणालाच नको असायच्या. सगळ्यांच्या देखत, नाव घेऊन, हसत द्यायचं असायचं. तोही कार्यक्रमच होता, पण तिथे दानाला दानच म्हणत. ही आपली शिदोरी आहे. ती लपवून तिथल्यासारखं संकोचायला शिकू नकोस.

मग फेट बंद करायची? कोण म्हणालं? फेट कर, फुलांचा उत्सव कर, ओपन गार्डन्स कर. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी राइड अँड स्ट्राइड असते. सायकलवाले चर्च बघत फिरतात, त्यांना दार उघडं ठेव आणि सरबत दे. सायकलवाल्याने त्यासाठी जमवलेले अर्धे पैसे त्याच्या पसंतीच्या चर्चला, अर्धे जुनी चर्च जपणाऱ्या काउंटीच्या ट्रस्टला जातात. पण फेटचा हिशेब माणसांत मोज. कधी चर्चमध्ये न येणारं कोण आलं, कोण मनोऱ्यावर चढलं, कुणाच्या आजोबांचं नाव युद्धस्मारकावर निघालं. १८४३ मध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉरवेन्स्टोच्या व्हिकारने, रॉबर्ट हॉकरने, सुगीच्या उपकारस्तुतीची उपासना ठेवली, तिच्यापासून आजच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलची प्रथा रुजली. तेव्हा ती निधीसाठी नव्हती. तुमचं सपरही खर्चापुरत्या तिकिटात ठेव आणि शेजारच्या केअर होममधल्या म्हाताऱ्यांना फुकट जेवू घाल.

माझ्या पॅरिशमध्ये मी हेच केलं. फेटचा नफा पॅरिश शेअरला लावायचा नाही, असा ठराव आणला. वर्षानुवर्षे मार्मलेड करणाऱ्या एक बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चर्चच्या एका वॉर्डनने (कारभाऱ्याने) मला तोंडावर कोरडा म्हटलं, माझ्यामागे काय म्हटलं ते माहीत नाही. मी कोरडा नव्हतो. त्याआधी कित्येक शनिवार मी घडीची टेबलं गाडीत घालून नेली आहेत, ओल्या तंबूच्या दोऱ्या सोडवल्या आहेत, आणि मुलाच्या क्रिकेटच्या मॅचेस मला त्याच्या तोंडून ऐकायला लागल्या आहेत. ते शनिवार कुणी परत देत नाही. म्हणून ठराव आणला, आणि आज पुन्हा त्या खुर्चीत बसलो तर पुन्हा आणीन. पहिल्या वर्षी तूट वाढली, हे तुझ्या कानावर आलं असेल. आलं असेल तर हेही ऐक, की दुसऱ्या वर्षी नाही वाढली.

गावात एक गृहस्थ भेटतील, देव न मानणारे. दर गावात एक असतातच. त्यांना विचारायचं नाही असं ठरवू नकोस. ते पहिला प्रश्न करतील: "हे उघडं ठेवायला रोज किती लागतात?" उत्तर तयार हवं. तुमचा वर्षाचा खर्च चोवीस हजारांच्या आसपास, म्हणजे दिवसाला पासष्ट-सहासष्ट पौंड. त्यांना उपासनेसाठी द्यायचं नसेल, इमारतीसाठी, घंटांसाठी, कबरस्तानातल्या गवतासाठी द्यायचं असेल. त्यासाठी 'फ्रेंड्स' म्हणून वेगळा ट्रस्ट काढा, खातं वेगळं. पण छपरासाठी म्हणून आलेला पैसा पॅरिश शेअरकडे वळवता येत नाही, एक पेनीसुद्धा नाही. कुणी कितीही गळ घातली तरी त्या चेकवर सही करू नकोस.

आता काम. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, आत प्रत्येक घराला एक पानी पत्र जाऊ दे, हाताने पाकिटावर नाव घालून. त्यात तीन आकडे हवेत: दिवसाचा खर्च, सध्या किती घरं देतात, आणि तू त्यांच्याकडे दरमहा किती मागतेस. बाजाराची तारीख त्या पत्रात घालू नकोस, तिच्यासाठी वेगळा कागद कर. तुझी स्वतःची रक्कम आधी ठरव आणि भर, मगच दुसऱ्याच्या दारात जा. मसुदा मला या आठवड्यात पाठव. "आपल्या सोयीने", "जमल्यास", "थोडंफार" असलं काही लिहिलंस तर मी खोडणार आहे.

तुझा,
काका