जिनिंगच्या २०१२ आर२ सर्व्हरवर थेट २०२२ चढवावं का?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पांढरकवड्याकडच्या कापूस जिनिंगमध्ये एकच सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२. डोमेन (सगळ्यांचे लॉगिन), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), डीएचसीपी (पीसींना आयपी पत्ते वाटणं), फाइल शेअर, प्रिंटर, टॅलीचा डेटा, सगळं त्याच्याच डोक्यावर. मालक म्हणतात, रविवारी पेनड्राइव्ह लाव अन् २०२२ करून टाक. करावं का?

नका करू. एक तर २०१२ आर२ वरून एका उडीत २०२२ वर जाताच येत नाही, फार तर २०१९ पर्यंत जाता येतं. २०२५ ला मात्र थेट २०१२ आर२ वरून चढायची सोय आहे, म्हणून कोणीतरी तुम्हाला '२०२५ टाका, एका झटक्यात होते' असं सांगणारच. त्यात मेख आहे. २०२५ च्या डोमेन कंट्रोलरला (डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरला) डोमेनची फंक्शनल लेव्हल, म्हणजे डोमेन कोणत्या आवृत्तीच्या पातळीवर चालतं ती, किमान २०१६ लागते, आणि २०१२ आर२ चा कंट्रोलर डोमेनमध्ये असेपर्यंत ती लेव्हल तिथपर्यंत वर नेता येत नाही. तुमच्याकडे कंट्रोलर तोच एक! त्यामुळे सरळ रस्ता २०२२ चाच, पण वेगळ्या नवीन मशीनवर. त्याचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत मिळतील. २०१२ आर२ चे १० ऑक्टोबर २०२३ लाच थांबले, आणि पैसे भरून मिळणारी मुदतवाढही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. मालकांची घाई चुकीची नाही, पद्धत चुकीची आहे.

दुसरं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: लाईट. इन-प्लेस अपग्रेड, म्हणजे त्याच मशीनवर जुन्यावर नवं चढवणं, अर्ध्यावर असताना लाईट गेली आणि यूपीएसनंही मान टाकली, तर जुनंही नाही अन् नवंही नाही. बाजूला दुसरी मशीन लावून एकेक रोल (सर्व्हरचं एकेक काम) हलवला, तर कुठंही थांबता येतं आणि जुना सर्व्हर काम करतच राहतो. नवीन मशीनवर फक्त हायपर-व्ही (एका मशीनच्या आत अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची सोय) ठेवा आणि आत दोन व्हर्च्युअल मशीन करा, एक डोमेनची, एक फाइल आणि टॅलीची. स्टँडर्ड लायसन्समध्ये दोन बसतात. पुढच्या वेळी मग हे सगळं एकाच डोक्यावर नसेल.

पण खरेदीच्या आधी यादी करा. इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला. रोल कोणते आहेत ते सर्व्हर मॅनेजर दाखवतोच, पण त्यांच्यावर कोण टेकून बसलंय ते तो सांगत नाही. मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचं काम पाहतो. तिथं गाड्यांची आवक चालू असताना दिवसभर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधले सेशन्स आणि ओपन फाइल्स बघत बसलो. कोणाच्याच यादीत नसलेली दोन गिऱ्हाइकं निघाली. एक वजनकाट्याचा पीसी. त्यातल्या सॉफ्टवेअरच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये सर्व्हरचं नाव नव्हतं, आयपी पत्ता टाइप केलेला होता. दुसरा चुकाऱ्याच्या पावत्या स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणारा जुना स्कॅनर. त्याला फक्त एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) येत होतं, आणि २०२२ मध्ये ते मुळात बसवलेलंच नसतं. काटा बंद म्हणजे गेटवर गाड्यांची रांग, आणि रांगेतल्या शेतकऱ्याला तुम्ही 'मायग्रेशन चालू आहे' हे काय सांगणार?

आता क्रम. आधी सिस्टिम स्टेटसकट (डोमेनच्या डेटासकट) पूर्ण बॅकअप घ्या आणि डीएसआरएम पासवर्ड (डोमेन बिघडलं तर दुरुस्तीसाठी लागणारा) कोणाला माहीत आहे का ते बघा. सहसा नसतो, तो नवा करून लिहून ठेवा. डोमेन २००३ च्या काळापासून चालत आलं असेल, तर सिसव्हॉल (कंट्रोलरांमधलं सामायिक फोल्डर) अजून एफआरएस या जुन्या कॉपी-पद्धतीवर असू शकतं; तसं असेल तर २०२२ चा कंट्रोलर बसणारच नाही, आधी डीएफएसआर या नव्या पद्धतीवर न्यावं लागेल. ते झालं की डोमेनसाठी केलेली व्हर्च्युअल मशीन डोमेनमध्ये घेऊन तिला कंट्रोलर करा. रेप्लिकेशन (दोन कंट्रोलरांमधली डेटाची देवाणघेवाण) नीट चालल्याची खात्री झाली की पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) तिकडे सरकवा. डीएनएसचे झोन एडी-इंटिग्रेटेड (एडी म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, डोमेनचा डेटाबेस, त्यातच साठवलेले) असतील तर ते आपोआप येतात.

डीएचसीपी पॉवरशेलनं लीजसकट (आधीच वाटलेल्या पत्त्यांसकट) एक्सपोर्ट करून नवीनवर इम्पोर्ट करा, जुनी सेवा बंद करा, नवीनला एडीमध्ये ऑथराइझ करा. डीएचसीपीच्या ऑप्शन ००६ मधला, पीसींना दिला जाणारा डीएनएसचा पत्ता बदलायला विसरू नका. हातानं आयपी दिलेले पीसी मात्र एकेक करून फिरूनच बदलावे लागतात, काट्याचा तर नक्कीच.

फाइलींसाठी नेटवर मायक्रोसॉफ्टच्या स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिसची फार तारीफ वाचाल. टूल चांगलंच आहे, पण नाव आणि पत्ता नवीन मशीनला देण्याचा त्याचा शेवटचा टप्पा डोमेन कंट्रोलरवर चालत नाही, आणि तुमचा फाइल सर्व्हर म्हणजेच कंट्रोलर. म्हणून रोबोकॉपी, विंडोजमधलीच फाइल कॉपी करायची कमांड. काम चालू असताना एक मोठी फेरी, मग टॅली सगळीकडे बंद करून रात्री उरलेल्या फरकाची दुसरी. मध्येच लाईट गेली तर तीच कमांड परत मारा. तिचा 'एमआयआर' (मूळ फोल्डरची हुबेहूब नक्कल करणारा) पर्याय वापरताना कुठून कुठे हे दोनदा वाचा. उलटं झालं तर रिकाम्या फोल्डरच्या मापानं भरलेलं फोल्डर साफ होतं. 'कॉपीऑल' लावलं तर फोल्डरच्या परवानग्या सोबत येतात, शेअरच्या येत नाहीत, त्या रजिस्ट्रीतून वेगळ्या न्या. प्रिंटर शेवटी, त्यात विशेष काही नाही.

वेळ कोणती? मे महिन्यात त्या पत्र्याच्या केबिनमध्ये दोन दोन मशीन चालवू नका, आणि मृगाच्या विजा कडाडत असताना तर नकोच. जुलैपासून पोळ्यापर्यंत बरं असतं. त्यानंतर दसरा-दिवाळीला मुहूर्ताचा कापूस आला की तुम्हाला कोणी हात लावू देणार नाही. आयएसओ (विंडोज बसवायची फाइल) आणि अपडेट नागपूर-यवतमाळला चांगल्या नेटवर आधीच उतरवून आणा.

कोटेशन मागताना २०२२ च्या कॅलचं (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येकासाठी लागणाऱ्या लायसन्सचं) विचारा. २०१२ चे कॅल नवीन सर्व्हरला चालत नाहीत, आणि दुकानदार हे बहुतेक बिल झाल्यावर सांगतो. सध्या एवढं करा: डोमेनची फंक्शनल लेव्हल बघा, 'डीएफएसआरमिग' या कमांडला ग्लोबल स्टेट विचारा (सिसव्हॉल एफआरएसवर आहे की डीएफएसआरवर ते कळतं) आणि दोन्ही उत्तरं खाली टाका. एफआरएस निघालं तर त्याच्या पायऱ्या लिहून देतो.