पोल्ट्रीवरच्या कामगारांना अँटिबायोटिकचं सांगायचं, पण सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोळ तालुक्यात भावाचं कंपनीच्या करारावरचं पाच हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड आहे, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल तिथल्या कामगारांना सांगायचं आहे, पण ते फारसे शिकलेले नाहीत, त्यांना हे कळेल का?

मी पशुवैद्यक आहे. हातकणंगले, शिरोळ, कागल भागातली ब्रॉयलरची शेडं हेच माझं रोजचं काम. 'कळेल का' ही काळजी आधी सोडा. सकाळी दार उघडल्या उघडल्या कुठल्या कोपऱ्यातली पिल्लं गप्प बसलीत हे कामगाराला दिसतं, मला दिसायला वेळ लागतो. अडचण वेगळीच आहे. कुठलं औषध द्यायचं आणि किती दिवस, हे तो ठरवतच नाही. कंपनीचा सुपरवायझर येतो, रजिस्टरमध्ये मर किती झाली ते बघतो, पुड्या ठेवून जातो. तुमच्या भावाला पैसे मिळणार किलोमागे, आणि मर वाढली की ते कापले जाणार. अशा शेडवर जाऊन कामगारापुढं 'अँटिबायोटिक कमी वापरा' असं भाषण दिलंत, तर तो मान डोलावेल आणि संध्याकाळी सांगितलेली पुडी टाकीत सोडेल. त्याला मी दोष देणार नाही.

म्हणून आधी भावाला बसवा, मग कामगारांना. आणि कामगारांशी बोलाल ते त्यांच्या हातात जे आहे त्याबद्दलच बोला. ते थोडंथोडकं नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तूस. आपल्याकडं जून-जुलैत पाऊस झोडपतो, पडदे दिवसरात्र बंद राहतात, पक्ष्यांना पाणी पाजायच्या नळीच्या निपलमधून पाणी गळतं आणि खालचं भाताचं तूस ओलं होऊन त्याची ढेकळं होतात. त्यातून अमोनिया सुटतो. तो वाढला की पक्ष्याच्या श्वासनळीचं आतलं अस्तर खराब होतं, मग एरवी निमूट पडून असलेला ई. कोलाय नावाचा जंतू आत शिरतो. मेलेला पक्षी फाडला की कलेजीवर आणि हृदयावर पिवळट पांढरा पापुद्रा दिसतो, तो हाच. तोवर शेडभर खरखर सुरू झालेली असते आणि एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची बाटली उघडलेली असते. हा आजार औषधाच्या दुकानातून नव्हे, पडद्याच्या दोरीपासून आवरायचा. कामगाराला एवढंच सांगा: दिवसभर आत राहून नाकाला वासाची सवय होते, तेव्हा सकाळी पहिल्यांदा आत जाताना पक्ष्याच्या उंचीला बसायचं आणि श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले की पडदा वरच्या बाजूनं थोडा उघडायचा, तूस खालीवर करायचं, ओली ढेकळं उचलून बाहेर टाकायची, गळका निपल त्याच दिवशी बदलायचा. माझ्या अनुभवात पावसाळ्यातलं निम्मं औषध इथंच वाचतं, आणि हे काम कामगारापेक्षा चांगलं कुणालाच येत नाही.

दुसरी जागा पाण्याची टाकी. बहुतेक शेडांवर 'एक टाकी, एक पुडी' असा हिशेब चालतो. पण औषधाचा डोस पक्ष्याच्या वजनावर असतो, आणि पक्षी पाणी किती पितो ते हवेवर असतं. एप्रिलच्या उन्हात तो ढसाढसा पितो, पावसाच्या गारठ्यात चोच बुडवून बाजूला होतो. तीच पुडी, तीच टाकी, पण पोटात जाणारं औषध वेगळं. कमी गेलं की कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढची पिढी त्यांचीच. शिवाय हे जंतू आपली औषध पचवायची ताकद शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात, म्हणून गोष्ट एका आजारावर थांबत नाही. कामगाराला वजनाचं गणित करायला लावू नका. भावानं डॉक्टरांना विचारून आज किती पक्षी, सरासरी वजन किती, किती पुडी किती पाण्यात हे रोज फळीवर खडूनं लिहावं. औषधाचं पाणी किती वाजता सोडलं आणि टाकी किती वाजता रिकामी झाली, एवढं कामगारानं खाली लिहिलं तरी पुरे. मर थांबली म्हणून दुसऱ्याच दिवशी औषध बंद करणं, आणि थांबली नाही म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरं औषध त्यात मिसळणं, हे दोन्ही प्रकार मी बघतो. मानमोडी आणि गंबोरो हे विषाणूंचे आजार आहेत, तिथं तर अँटिबायोटिकचा त्या विषाणूवर काही उपयोगच नाही. तिथं लस वेळेवर हवी.

आता त्यांच्या स्वतःच्या जिवाचं. इथं लोक कान देऊन ऐकतात, म्हणून मी याच्यासाठी जास्त वेळ ठेवतो. अमेरिकेत डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी एका फार्मवर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घातलेलं खाद्य देऊन पाहिलं होतं, तो अभ्यास १९७६ साली छापून आला. एक-दोन आठवड्यांत कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले. पुढच्या काही महिन्यांत तसेच जंतू फार्मवर राहणाऱ्या घरच्या माणसांच्या पोटातही वाढले. त्या माणसांनी औषधाची गोळी घेतलेली नव्हती. ही गोष्ट सांगितली की शेडच्या टोकाच्या खोलीत बायकापोरांसह राहणारा माणूस एकदम सरळ बसतो. मग हात धुण्याचं वेगळं सांगावं लागत नाही. शेडसाठी वेगळी चप्पल, तंबाखू मळण्याआधी साबण, रांगत्या पोराला तुसावर सोडायचं नाही, मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलायचा नाही आणि ओढ्यात फेकायचा नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा. एका शेडवर एका बाईच्या बोटाला कापलं होतं आणि तिनं त्यावर कोंबड्यांच्या औषधाचीच पिवळी पावडर दाबून फडकं बांधलं होतं, आपण हळद दाबतो तशी. ते बोट सुजून टम्म झालं होतं. तेव्हा पक्ष्याचं औषध माणसाला नाही, हेही स्पष्ट सांगा. ताप आला तर त्यातली पुडी फोडायची नाही, सरकारी दवाखान्यात जायचं.

कोलिस्टिन हे नाव मात्र त्यांना पाठ करून द्या. आयसीयूमधल्या रोग्याला बाकी काहीच लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर ज्या औषधांकडं वळतात त्यांपैकी हे एक. तेच आपल्याकडं पूर्वी कोंबड्यांच्या हगवणीवर आणि वजन वाढावं म्हणून सर्रास दिलं जायचं. चीनमध्ये त्याला दाद न देणारा आणि एका जंतूतून दुसऱ्यात सहज उडी मारणारा जनुक सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. भारत सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात वापरायच्या कोलिस्टिनच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. शेडच्या कपाटात जुनी पुडी निघाली तर तिच्यावरचं नाव वाचून ती बाजूला काढा.

खाणाऱ्यांची काळजी उलट्याच टोकाला असते. 'डॉक्टर, कोंबडीला हार्मोनचं इंजेक्शन देता ना?' हे मला कोल्हापुरात लग्नाच्या पंगतीतही विचारतात. पाच हजार पक्षी एकेक धरून टोचायला कुणाकडं वेळ आहे! पाण्यातून काय गेलं, हे मात्र कुणी विचारत नाही. रस्सा खळखळून उकळला की जंतू मरतात; औषधाचा अंश शिजवून जाईलच असं नाही. त्यासाठी शेवटचा डोस आणि पक्षी विक्रीला उचलणं यांच्यात औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस जाऊ द्यावे लागतात. हे मोडतं ते बहुतेक वेळा कामगारामुळं मोडत नाही. दर चढला की गाडी ठरल्याच्या आधीच रात्री दारात लागते, आणि औषध कालच बंद झालेलं असतं. फळीवर शेवटच्या डोसची तारीख असेल तर कामगार निदान गाडीवाल्याला ती दाखवून मालकाला फोन लावू शकतो. भावानं त्याला तसं सांगून ठेवलेलं असलं पाहिजे, नाहीतर त्याची नोकरी जायची.

कोंबडखताचंही बघा. आपल्याकडं ते थेट उसाला जातं. ढीग करून, झाकून, चांगलं तापू द्या आणि मग टाका. तापल्यावर त्यातले बरेच जंतू मरतात.

भावाला एक सवय मात्र लावाच. मर अचानक वाढली की सुपरवायझरच्या पुडीची वाट बघत बसण्याऐवजी ताजे मेलेले दोन-तीन पक्षी बर्फात घालून तपासायला पाठवायचे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय पुणे हायवेवरच आहे आणि पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा आहे. कुठल्या औषधाला जंतू मरतो हे कळलं की तीन औषधांचा खर्च एकावर येतो. कंपनीवाल्यालाही हे पैशाच्या भाषेत पटतं.

कामगार बिहार-ओडिशाकडचे असतील तर मराठी पोस्टर चिकटवू नका. त्यांच्यातल्याच एकाला हिंदीत बोलायला लावून दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा आणि व्हॉट्सॲपवर टाका. बॅच निघून शेड रिकामं असतं ते दिवस बोलायला बरे; पिल्लं आल्यावर पहिला आठवडा तर कुणाला जेवायलाही उसंत नसते.