वेताळाचं झालं, मग स्पायडरमॅनचं का मोडलं?

प्रश्न : नातू म्हणतो, सुपरहिरोचं लग्न झालं की गोष्ट संपली. मी म्हणतो, आमच्या कॉमिकमधल्या वेताळाचं (इंग्रजीत फँटम) झालं, पोरं झाली, काय बिघडलं? तुमचं मत काय?
– एक आजोबा, वेंगुर्ले

उत्तर : आजोबा, मी तुमच्या बाजूची. आमच्या माळ्यावर वेताळाच्या गोष्टींचे इंद्रजाल कॉमिक्सचे अंक आहेत, आमसुलांच्या बरणीशेजारी. पानं उलटली की अजून आंबूस वास येतो, आणि वेताळाच्या डायनाच्या तोंडावर माझ्या भावाने सांडलेल्या आमरसाचा डाग.

वेताळ 1936चा. डायनाला त्याने 41 वर्षं ताटकळत ठेवलं, 1977मध्ये लग्न केलं, 1979मध्ये जुळी झाली. त्याला लग्न परवडतं, कारण वेताळ ही गादी आहे. हा एकविसावा. आपल्याकडे पालखीचा मान बापाकडून मुलाकडे जातो ना, तसंच. पोरगा नसेल तर मुखवटा घालणार कोण? (जुळी मात्र कॅलेंडरप्रमाणे वाढली नाहीत, हे नातवाला सांगू नका.)

स्पायडरमॅनची अशी बापाकडून मुलाकडे जाणारी गादी नाही. मेरी जेनशी 1987मध्ये लग्न लावलं आणि 2007मध्ये ते पुसलं. मे काकूचा जीव वाचवायला त्याने लग्नाच्या बदल्यात सैतानाशी सौदा केला म्हणे! सरळ घटस्फोट दाखवला असता तरी चाललं असतं. बायको नको म्हणून सैतान आणायचा, हा शुद्ध रडीचा डाव.

नातवाला एकदा आरवलीला न्या. तिथल्या ग्रामदेव वेतोबाला, म्हणजे आपल्या खऱ्या वेताळाला, वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चपला दाखवा. रात्री गावाची राखण करताना झिजतात म्हणतात.