शेळीची करडं गळ्याला गाठ घेऊन, अंगावर केस नसलेली जन्मली. हा कोणता आजार?

हा बहुतेक गलगंड आहे. गाभण शेळीला आयोडीन कमी पडलं की पोटातल्या करडाच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पुरेसं संप्रेरक बनवू शकत नाही आणि फुगत जाते. अशी करडं अशक्त असतात, काही मेलेलीच जन्मतात.

चारा काय देता, ते आधी तपासा. सुबाभूळ हे मोठं कारण असू शकतं. त्यातल्या मायमोसीन या विषारी घटकापासून शेळीच्या पोटात जो पदार्थ तयार होतो, तो थायरॉइडचं काम अडवतो. काही शेळ्यांच्या पोटात तो पचवणारे जीवाणू असतात, म्हणून शेजाऱ्याच्या शेळ्यांना काही होत नाही आणि तुमच्यांना होतं. कोबीचा पाला आणि मोहरीची पेंडही जास्त झाली तर असाच त्रास देतात. गाभण काळात हे सगळं कमी करा आणि खाण्यात आयोडीनयुक्त मीठ किंवा खनिज मिश्रण ठेवा.

आत्ता जन्मलेल्या करडांना आयोडीन द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच. आयोडीन जास्त झालं तरी गलगंड होतो, त्यामुळे कृपा करून अंदाजाने काही पाजू नका.

आणखी एक, गळ्याची प्रत्येक सूज गलगंड नसते. मोठ्या शेळीच्या जबड्याखाली मऊ पाणी साठलं असेल तर जंतांचा संशय घ्या. जन्मानंतर काही आठवड्यांनी चांगल्या खेळत्या करडाच्या गळ्याला आलेली मऊ फुगवटी बहुधा थायमस या रोगप्रतिकारशक्तीच्या ग्रंथीची असते. तिला औषध लागत नाही.