कुंडीतले प्रश्न : मनीप्लांटच्या कडा का करपतात?

प्रश्न : काकू, आमच्या बैठकीत टीव्हीवरच्या फळीवर मनीप्लांट आहे. वेल खाली मस्त लोंबते, पण नवी पानं लहानच येतात आणि कडा करपतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं सांडपाणी घालते, खतही दिलं. चोरून न आणता विकत आणला म्हणून तर नाही ना? – एक वाचक, नांदेड

उत्तर : ताई, चोरीचं सोडा, आधी तुमची ती आरओची बादली बघू. आपल्याकडे बोअरचं पाणी मुळातच जड. आरओ तुम्हाला गोडं पाणी देतो आणि क्षार उरलेल्या पाण्यात आणखी दाट करून बाहेर टाकतो. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरली असेल, नखाने खरवडून बघा. हेच क्षार मुळाशी साचून पानाच्या कडा जाळतात. वरून खत म्हणजे त्यात भरच. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेलं पाहिलंय, त्यामुळे ‘पाणी फेका’ असं मी कोणाला सांगणार नाही. त्याने फरशी पुसा, संडासात वापरा. कुंडीला पावसाचं किंवा एसीचं द्या. पहिल्या मोठ्या पावसात कुंडी गच्चीवर ठेवा, क्षार तळातून निथळून जातील. ऊन पडायच्या आत घरात घ्या. तोवर खत बंद.

पानं लहान राहतात ती वेल लोंबतेय म्हणून. ही मूळची ताहितीजवळच्या मोओरेआ बेटावरची. तिथल्यासारखी झाडावर चढली की पान थाळीएवढं होतं, फाटतंही. खाली सोडली की आखडतं. पेरापाशी तपकिरी मुळी डोकावते ना, तिला धरायला काहीतरी हवं असतं. जाड काठीला नारळाचा काथ्या गच्च गुंडाळून कुंडीत रोवा आणि पेर काथ्याला टेकेल अशी वेल सुतळीने सैल बांधा. काथ्या रोज ओला करा, नाहीतर मे महिन्यात मुळी धरायच्या आधीच वाळते. घरात थाळीएवढं पान येणार नाही, आत्ताच्या दुप्पट आलं तरी पुष्कळ. फळी मात्र सोडा. पूर्वेची खिडकी बघा, कूलरचा झोत अंगावर येणार नाही अशी.

प्रश्न : मॉन्स्टेराच्या पानांना भोकं पडत नाहीत. घरात रांगतं बाळ आहे, चालेल ना? – एक वाचक, परभणी

उत्तर : कोवळ्या रोपाची पानं अखंडच असतात. भरपूर उजेड आणि चढायला आधार द्या, पडतील. बाळाचं म्हणाल तर हे अळूच्या कुळातलं. कच्चा अळू घशाला खाजतो तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्या पानादेठात आहेत. चावलं की तोंडाची आग होते, ओठ सुजतात. मनीप्लांटचंही तेच. बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि गळलेली पानं लगेच उचला.